कशावरून?

(हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय ‘प्राथमिक वर्गात आधुनिक तंत्रज्ञान’ असा आहे. विषय मोठा आहे आणि माझ्यानंतर लगेच चहा आहे, म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेते. तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्टीतल्या दोन पात्रांची तुलना करायला कसे शिकवायचे, आणि त्या कामात फोन, टॅब्लेट, स्पीकर यांचा खरोखर काही उपयोग होतो का, एवढेच मी सांगणार आहे. मी पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या बाजूला पाड्यांवर शिकवते. सांगते ते तिथले आहे.

दोन पात्रांची तुलना म्हटले की काहीतरी परीक्षेतले वाटते. पण आपण सगळे ही तुलना संडे स्कूलपासून करत आलो आहोत. मार्था आणि मरीया घ्या. इथे बसलेल्या किती भगिनींनी मनातल्या मनात मार्थेची बाजू घेतली असेल! ज्यांनी चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीने केला आहे त्यांनी तर नक्कीच. पण मार्थेची बाजू घ्यायची म्हटली की लूकच्या शुभवर्तमानात परत जावे लागते. ती काय करत होती? तिने तक्रार कोणाकडे केली? बहिणीला ती सरळ काही बोललीच नाही, पाहुण्याला बोलली. हे लक्षात आले की मार्था नुसती ‘कामसू’ राहत नाही आणि मरीया नुसती ‘भक्त’ राहत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही तसेच. थोरला मुलगा घरात यायला तयार नाही, आणि बापाशी बोलताना धाकट्याला आपला भाऊ म्हणत नाही. हे एकदा दिसले की दोन्ही मुलांकडे बघण्याची नजर बदलते.

वर्गात आमचा अनुभव वेगळा असतो. धडा झाला की प्रश्न येतो, तुम्हाला कोणते पात्र आवडले आणि का? मुले लिहितात, ‘मला चिमणी आवडली कारण ती चांगली होती.’ कावळा का आवडला नाही? ‘कारण तो वाईट होता.’ वाक्य शुद्ध आहे, गुणही मिळतात. पण त्या वाक्यात मूल कुठेच नाही आणि गोष्टही नाही. पुढच्या धड्यात हेच वाक्य कोल्ह्याला लागू होते, त्याच्या पुढच्या धड्यात राजाला.

याचे एक कारण भाषेचे आहे. आमच्या पाड्यांवर घरात वारली बोलतात, काही घरांत कोकणा, काही घरांत कातकरी. या बोली मराठीच्या नात्यातल्या आहेत, म्हणून बाहेरून आलेल्या शिक्षकाला वाटते की मुलांना सगळे कळते. मेळघाटात मुलांची घरची भाषा कोरकू, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. गडचिरोलीत गोंडी, द्राविडी कुळातली. तिथे निदान शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळते की आपले बोलणे पोचत नाही. आमच्याकडे ते लपून राहते. मुलाला मत असते, कारणही असते, पण ते कारण सांगायला पुस्तकातली मराठी पुरत नाही. मग ते ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे दोन शब्द घेऊन काम भागवते. शिक्षक वहीत लिहितो, ‘विचारशक्ती कमी.’

आता गोष्ट. आम्ही सुरुवात केली ती चिमणी-कावळ्याने. आपल्या प्रत्येकाला ती आजीने सांगितलेली असेल. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. मोठा पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले, तो चिमणीच्या दाराशी आला. चिमणी आतून त्याला थांबवत राहिली. आधी बाळाची अंघोळ, मग कपडे, मग काजळ, असे एकेक काम सांगत राहिली. बाहेर कावळा भिजत राहिला. शेवट घरोघरी वेगळा आहे. कुणाच्या घरी कावळा तव्यावर बसून भाजतो, कुणाच्या घरी नुसताच कुडकुडतो.

शहरातल्या घरात ही गोष्ट निरुपद्रवी आहे. आमच्या पाड्यावर ती तशी नाही. तिथली बरीच घरे अजून कुडाची आहेत, म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत आणि तिच्यावर माती-शेणाचा लेप. आता त्या घरातून आलेल्या मुलीला आपण सांगतो की शेणाचे घर बांधणारा मूर्ख आणि आळशी, त्याचे घर पहिल्या पावसात जाणार, आणि त्याने दुसऱ्याच्या दाराशी भिजत उभे राहायचे. मुलगी ऐकून घेते. ‘कावळा वाईट’ असेही लिहून देते. लिहिताना तिच्या मनात काय होते ते आपल्याला कळत नाही, कारण आपण विचारत नाही.

म्हणून आम्ही एक शब्द धरला, ‘कशावरून?’ चिमणी चांगली, कशावरून? कावळा आळशी, कशावरून? मुलाने उत्तर गोष्टीत बोट ठेवून दाखवायचे. कोण काय बोलले, कोण काय करते, कोणाला काय हवे आहे, या तीन ठिकाणी शोधायचे.

इथे पहिल्यांदा यंत्राची गरज पडली, आणि तीही अगदी साध्या कारणाने. आमच्याकडे एकच शिक्षिका आणि एकाच खोलीत चार इयत्ता असतात. तीस मुलांना तोंडी ‘कशावरून?’ विचारायचे तर पुढच्या रांगेतली तीन-चार धीट मुलेच बोलतात. बाकीची त्यांचे उत्तर पुन्हा म्हणतात. मग आम्ही चार-चार मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाला पंधरा मिनिटे टॅब्लेट दिला. त्यात आवाज नोंदवण्याचे साधे अ‍ॅप असते, तेवढेच उघडायचे. लाल गोल दाबायचा, आपले नाव न सांगता बोलायचे, पुन्हा दाबायचे. कोणत्या भाषेत बोलायचे? घरी बोलता त्या. एवढीच सूचना.

टॅब्लेट घेऊन मुले कुठे जातात हेही पाहण्यासारखे होते. काही गट ओट्यावर गेले, एक गट आंब्याखाली, आणि एक थेट पाण्याच्या टाकीमागे, कारण तिथे बाईंना ऐकू जात नाही. मी मुद्दाम गेले नाही. याच भागात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेण्याचा प्रयोग त्यांनी केला, त्याला कुरणशाळा म्हणत. आज तंत्रज्ञान म्हटले की आपल्याला भिंतीवर ठोकलेला मोठा पडदा आठवतो. माझे मत असे झाले आहे की आमच्या मुलांसाठी जे टाकीमागे नेता येते तेच उपयोगाचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती ध्वनिमुद्रणे छोट्या स्पीकरवर लावली. पहिली दहा मिनिटे फक्त हसण्यात गेली. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की मोठी माणसेही हसतात. हसणे संपू द्यावे, घाई करू नये. मग ऐकणे सुरू झाले.

एक मुलगा म्हणाला होता, चिमणी दार उघडत नव्हती कारण तिला कावळा आवडत नव्हता. स्पीकर थांबवला. कशावरून? त्याने सांगितले, ती प्रत्येक वेळी नवे काम काढते. दुसरा लगेच म्हणाला, पण बाळ खरेच असेल तर? लहान बाळ असले की माझी आईपण हाक मारली तर लगेच येत नाही. वर्गात दोन तट पडले. एका बाजूला ‘चिमणी बहाणे करते’, दुसऱ्या बाजूला ‘चिमणीला काम आहे’. दोघांनाही पुरावा गोष्टीतल्या त्याच वाक्यांत सापडला. मी त्यांना कौल दिला नाही. पहिला मुलगा थोड्या वेळाने म्हणाला, माझे परत ऐकवा. ऐकले आणि म्हणाला, मला दुसरे बोलायचे आहे. त्याने नवे ध्वनिमुद्रण केले. जुने पुसू का, असे मी विचारले, तर नको म्हणाला.

वहीत हे होत नाही. वहीतले उत्तर खोडले की ते चूक ठरते. इथे दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी राहिली आणि त्या मुलाने दोन दिवसांत काय विचार केला ते आम्हाला ऐकता आले. शिक्षिका म्हणून मला हा सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

मग ती मुलगी बोलली. कुडाच्या घरातलीच. तिचे ध्वनिमुद्रण फार लहान होते. तिने सांगितले, शेणाच्या घरात काही वाईट नाही, आमचे पण आहे, ते वाहून जात नाही. कावळ्याने पावसाच्या आधी छप्पर शाकारले नसेल. वरून पाणी आले तर कुठलीही भिंत जाईल. मेणाचे घर उन्हाळ्यात कसे राहील ते सांगा.

वर्ग गप्प झाला. मी तिलाही विचारले, कशावरून? ती म्हणाली, गोष्टीत छपराचे नावच नाही. हे उत्तर किती अचूक आहे ते पाहा. गोष्टीत काय आहे आणि काय नाही, दोन्ही तिला माहीत होते.

इथे माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. ‘गोष्टीतूनच दाखवा’ हा नियम मीच घातला होता, आणि तिचे म्हणणे गोष्टीबाहेरचे होते. ते सोडून द्यायचे? तिसरीच्या मुलीला घर बांधण्यातले जे कळते ते वर्गातल्या कुणाला, मलासुद्धा, कळत नव्हते. शेवटी आम्ही एक वेगळा कागद लावला आणि वर लिहिले, ‘गोष्टीत नाही, पण आम्हाला माहीत आहे.’ तो कागद आता प्रत्येक गोष्टीला लागतो आणि बहुतेक वेळा तोच आधी भरतो.

तुलना मांडायला आम्ही दोन वर्तुळे वापरतो. एकात चिमणी, दुसऱ्यात कावळा, आणि दोन्ही एकमेकांत शिरतात त्या मधल्या जागेत दोघांत जे सारखे आहे ते. यांना व्हेन आकृती म्हणतात. ज्या जॉन व्हेनच्या नावाने त्या ओळखल्या जातात तो केंब्रिजचा तर्कशास्त्रज्ञ, आणि त्याने ही मांडणी १८८० साली प्रसिद्ध केली. आपल्या सभेला एक गोष्ट सांगायला हवी. हा जॉन व्हेन स्वतः दीक्षित धर्मगुरू होता, पुढे १८८३ साली त्याने ते पद सोडले. त्याचे वडील हेन्री व्हेन चर्च मिशनरी सोसायटीचे अनेक वर्षे सचिव होते, आणि आजोबा, तेही जॉनच, १७९९ साली ती सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. नाशिकच्या शरणपूरची वस्ती याच सोसायटीची. म्हणजे गणिताच्या पुस्तकातली ही दोन वर्तुळे आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत.

वर्तुळे आम्ही आधी अंगणात दोरीने करतो. मुले चित्रांच्या चिठ्ठ्या घेऊन आत उभी राहतात, आणि कोणती चिठ्ठी कुठे जाईल यावर भांडतात. ‘घर स्वतः बांधले’ ही चिठ्ठी आधी चिमणीच्या वर्तुळात गेली. मग कुणाच्या तरी लक्षात आले की कावळ्यानेही स्वतःच बांधले होते. ती मधे आली. ‘पावसाची भीती’ मधे आली. ‘बाळ आहे’ यावर बराच वाद झाला, कारण कावळ्याला बाळ नाही असे गोष्टीत कुठे म्हटले आहे? ती चिठ्ठी बराच वेळ एका मुलाच्या हातातच राहिली. सगळे ठरले की टॅब्लेटने वरून फोटो घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तोच फोटो भिंतीवर दाखवायचा आणि कोणाला चिठ्ठी हलवायची आहे का ते विचारायचे. प्रोजेक्टर मागून आणलेला, लाईट असेल तर चालतो. नसेल तेव्हा टॅब्लेटभोवती डोकी गोळा होतात, तेही चालते.

आता जे चालत नाही त्याबद्दल. आपल्यापैकी काही जणांनी प्रेमाने कार्टूनच्या गोष्टींचे पेनड्राइव्ह पाठवले आहेत. मुलांना ते फार आवडतात, आणि शनिवारी दुपारी आम्ही ते जरूर लावतो. पण तुलनेच्या पाठाला ते लावत नाही. चिमणी-कावळ्याची एक हलती गोष्ट आम्ही पाहिली. त्यात कावळा आला की संगीत जड होते, त्याच्या भुवया तिरक्या, आवाज घोगरा. चिमणी आली की बासरी. मुलाने विचार करायच्या आत त्याला कोण आवडायचे ते ठरून जाते. त्यानंतर ‘कशावरून?’ विचारले तर मुले सांगतात, त्याचा आवाज तसा आहे. त्यांचे बरोबरच आहे! पुरावा त्यांनी पडद्यावरूनच दिला. पण तो पुरावा चित्रकाराने घातलेला होता, गोष्टीने नव्हे. स्थिर चित्र, किंवा मुलांनीच काढलेल्या चित्राचा फोटो, आणि सांगणाऱ्याचा साधा आवाज, यांनी मुलाला जागा मिळते.

याचा अर्थ तयार साहित्य टाकाऊ आहे असा नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपमध्ये जाता येते, बालभारतीची पुस्तके ई-स्वरूपात मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ साली स्टोरीवीव्हर सुरू केले, त्यावर चित्रांची पुस्तके अनेक भारतीय भाषांत मोफत आहेत आणि आपण त्यांचे भाषांतर करून वापरू शकतो. आम्हाला याचा फार उपयोग होतो. आठवड्यातून एकदा मी जव्हारला जाते तेव्हा पुस्तके उतरवून घेते, कारण पाड्यावर नेटवर्क एका ठराविक दगडावर उभे राहिले तरच मिळते. चित्रे ठेवायची, मजकूर झाकायचा आणि मुलांना गोष्ट त्यांच्या बोलीत सांगायला लावायची. मग मूळ मजकूर वाचायचा. आपण सांगितलेला उंदीर आणि पुस्तकातला उंदीर यांच्यात काय फरक आहे? हीही तुलनाच.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. त्या कामात मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. मुलांची घरची भाषा पुस्तकाच्या भाषेहून वेगळी आहे हे त्यांनी आधी ओळखले. कोड त्यानंतर आला.

बोललेले आपोआप टंकून देणारी सोयही आम्ही करून पाहिली. मला वाटले होते की लिहिता न येणाऱ्या मुलांचा त्रास वाचेल. मराठी बऱ्यापैकी टंकते. पण एका मुलीने वारलीत सांगितलेले वाक्य त्याने ओढून-ताणून मराठीत बसवले आणि अर्थ भलताच झाला. तिने ते माझ्याकडून वाचून घेतले आणि म्हणाली, हे मी बोललेच नाही. तेव्हापासून मुलांचे बोलणे शेजारच्या पाड्यावरची बारावी झालेली एक ताई ऐकून हाताने लिहिते. वेळ लागतो. ती वारली बोलते, मी अजून शिकते आहे, म्हणून ती लिहिते ते मी तिच्याकडून समजून घेते. आपण पाठवलेल्या मदतीतून तिला मानधन जाते, आणि मला विचाराल तर सगळ्या यंत्रांपेक्षा तो खर्च अधिक कामी आला. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच शिक्षणातले तंत्रज्ञान हा होता. यंत्राने शिक्षकाला साथ द्यावी, त्याची जागा घेऊ नये, हाच त्याचाही रोख आहे.

सध्या चौथीची मुले एका वेगळ्या कामाला लागली आहेत. एकाच पात्राची दोन गोष्टींत तुलना. पात्र आहे वाघ. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला वाघ खादाड, आणि थोडा बावळट. मुलांना सांगितले, घरी आजी-आजोबांकडून वाघाची गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून आणा. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्यासाठी टॅब्लेट संध्याकाळी पाड्यावर फिरवला. आल्या त्या गोष्टींतला वाघ वेगळाच होता. वारली लोक वाघाला देव मानतात, पाड्याच्या शिवेवर वाघदेव असतो. त्या वाघाला कुणी फसवत नाही. त्याचे नाव घेताना आजीचा आवाज खाली येतो, आणि ते ध्वनिमुद्रणात ऐकू येते. एका मुलाने वर्तुळात लिहिले, ‘पुस्तकातला वाघ भुकेला आहे. आजीचा वाघ राखणदार आहे.’ मधल्या जागेत त्याने लिहिले, ‘दोघे जंगलात राहतात.’

काही जण विचारतील, आपल्या संस्थेने हे कशाला शिकवायचे? मला एवढेच दिसते की ज्या मुलाने आजीची गोष्ट वर्गात आणली ते मूल त्या दिवसापासून वाचायला बसते. आणि आजी दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेच्या ओट्यावर येऊन बसली होती, आपला आवाज ऐकायला.

दिवाळीनंतर आमचा वर्ग अर्धा होतो. घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुले बरोबर जातात. यंदा आम्ही जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या फोनमध्ये, जिथे फोन आहे तिथे, वर्गातल्या मुलांच्या आवाजातल्या सहा गोष्टी घालून दिल्या. शाळा बुडते ती बुडतेच, गोष्टींनी ती भरून येत नाही. पण जानेवारीत एका भट्टीवरून आवाजी निरोप आला. ससा-कासवाची गोष्ट ऐकून चौथीतल्या मुलाने पाठवला होता. मागे ट्रकचा आवाज आहे. तो म्हणतो, ससा झोपला म्हणून त्याला आळशी म्हणू नका, तो आधी किती पळाला ते बघा, थकला असेल. वर्गाने तो निरोप तीनदा ऐकला. मग एकीने विचारले, कशावरून थकला? गोष्टीत तर तो कासवाला हसतो आणि झोपतो. तिचे उत्तर ध्वनिमुद्रित करून भट्टीवर पाठवले. त्याचे परत आले नाही. बहुधा रिचार्ज संपला असावा. तो आला की वाद पुढे चालेल, दोघांनाही तो आठवत असणार.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण दर तिमाहीला ती विचारली जाते. मुलांचे व्हिडिओ पाठवा, मंडळीत दाखवू, असा आग्रह असतो. त्यामागचे प्रेम मला कळते. पण मुलांचे चेहरे आणि नावे आम्ही पाठवणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते. टाकीमागे जाऊन बोललेले बोलणे हे मूल आपल्यावर विश्वास ठेवून बोलते. ते सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागले तर पुढच्या वेळी ते पुन्हा ‘चिमणी चांगली, कावळा वाईट’ एवढेच बोलेल.

आणि जे घेता येईल तेही सांगते. मोठे स्मार्ट बोर्ड नकोत. आमच्याकडे एक बोर्ड आहे, तो पावसाळ्यात ओल धरतो आणि दुरुस्त करणारा माणूस नाशिकहून यावा लागतो. वापरलेले पण चालणारे टॅब्लेट चालतील, पडले तरी फुटणार नाहीत अशा जाड कव्हरसकट. छोटे स्पीकर, पॉवर बँक, मेमरी कार्डे. आणि ज्या ताया लिहून घेतात त्यांच्या मानधनासाठी जे जमेल ते. आणखी दोघी तयार आहेत, त्यातली एक कातकरी बोलणारी आहे. आमच्याकडे कातकरी मुलांचे ध्वनिमुद्रण साठले आहे आणि ते लिहायला कुणी नाही.

माझे बोलणे इथे थांबवते. मागच्या टेबलावर स्पीकर ठेवला आहे. ज्या पालकांनी आवाज ऐकवायला हो म्हटले त्यांच्याच मुलांची तीन ध्वनिमुद्रणे त्यात आहेत, नावांशिवाय. शेणाच्या घराबद्दल बोलणारी मुलगी त्यात दुसरी आहे. ती वारलीत बोलते. शेजारी कागदावर मराठी लिहून ठेवले आहे, पण आधी नुसते ऐका.